बारावी विज्ञानानंतर कोणती पदवी? पुन्हा नीट, बी.फार्म. की रसायनशास्त्रातील बी.एस्सी.

साखळीकर :

नमस्कार. माझी धाकटी मुलगी यंदा गोवा मंडळाची बारावीची परीक्षा विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली आहे. अकरावीत प्रवेश घेताना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी अशा दोन्ही वाटा मोकळ्या राहाव्यात म्हणून तिने भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित हे चारही विषय घेतले होते. मंडळाच्या परीक्षेत तिला चांगले गुण आहेत, त्यातही रसायनशास्त्रात उत्तम. नीटमध्ये मात्र बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसची जागा मिळेल इतके गुण नाहीत. दंतवैद्यक किंवा आयुर्वेदाचा प्रवेश कदाचित होऊ शकेल. जीसीईटी, म्हणजे गोव्याची सामाईक प्रवेश परीक्षाही तिने दिली आहे आणि त्या गुणांवर औषधनिर्माणशास्त्राचा प्रवेश होण्याची बरीच आशा आहे.

घरात एकमत नाही. मुलीच्या मामाचे म्हणणे असे की एक वर्ष थांबून पुन्हा नीट द्यावी. तिच्या आईला बी.फार्म. सुरक्षित वाटते, कारण पदवी हाती आली की नोकरी मिळते असे तिने ऐकले आहे. मुलगी स्वतः रसायनशास्त्रात बी.एस्सी. करू म्हणते, आणि ते ऐकल्यावर नातेवाइकांपैकी प्रत्येकाने ‘एवढे गुण मिळवून साधी बी.एस्सी.?’ असा प्रश्न विचारला आहे.

आमचे घर खाणपट्ट्यातले आहे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुढे सुरू झालेले थोडेफार काम २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा थांबले आणि दारात उभे राहिलेले ट्रक मुलीने लहानपणी पाहिले आहेत. त्यामुळे एकाच स्थानिक उद्योगावर भिस्त ठेवण्याची मला धास्ती वाटते. गोव्यातील औषधांचे कारखाने हा तसाच प्रकार तर नव्हे ना, हे जाणकारांनी सांगावे. घरचे उत्पन्न बेताचे आहे. चार-पाच वर्षांचा खर्च पेलता येईल, त्यापुढे कर्ज काढावे लागेल.

खडूफळा :

साखळीकर भाऊ, मी अनेक वर्षे उच्च माध्यमिक विद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले आणि आता निवृत्त आहे. दरवर्षी मे-जूनमध्ये पालक हाच प्रश्न घेऊन येत असत, आणि जवळजवळ प्रत्येक जण ‘कोणता अभ्यासक्रम चांगला’ असेच विचारी. मी त्यांना आधी दुसरीच गोष्ट विचारत असे. मुलाला पुढे गोव्याबाहेर पाठवायची तयारी आहे का, आणि कमावते होण्यासाठी घर किती वर्षे थांबू शकते? या दोन गोष्टी ठरल्या की अर्धे पर्याय आपोआप गळून पडतात. आपण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिलेच आहे. पहिल्याचे मुलीला विचारून द्यावे.

थांबण्याविषयी लिहितो. सर्व प्रवेशांचा कालावधी सारखा नसतो. नीटसाठीची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली आणि किती वेळा परीक्षा द्यावी यावरही बंधन नाही. जेईई मेनला मात्र बारावीचे वर्ष धरून तीन वर्षांतच बसता येते. म्हणजे वैद्यकीयचा मार्ग पुढेही खुला राहतो, अभियांत्रिकीचा राष्ट्रीय पातळीवरचा मार्ग लवकर बंद होतो. आणि लोक नेमके उलट समजून ‘यंदा नाही तर कधीच नाही’ म्हणत नीटसाठी घरी बसतात. मुलगी एखाद्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला असतानाही नीट देऊ शकते. ते कष्टाचे आहे, परंतु वर्ष पूर्णपणे रिकामे जात नाही.

थांबावे की नाही, हे एकूण गुणांवरून ठरवू नका. नीट ७२० गुणांची असते आणि त्यांपैकी निम्मे, म्हणजे ३६० गुण जीवशास्त्राचे असतात. जीवशास्त्र भक्कम असून भौतिकशास्त्रामुळे गुण गेले असतील, तर वर्षभराच्या सरावाने फरक पडू शकतो, कारण आकडेमोडीचा वेग सरावाने वाढतो. तिन्ही विषयांत सारखेच थोडे थोडे कमी पडले असेल, तर वर्षभराने फार वेगळे चित्र दिसल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात कमी आहेत. शिवाय तिला डॉक्टर व्हायचे आहे का? आपल्या संपूर्ण मजकुरात मामांची इच्छा आहे, आईची आहे; मुलीने वैद्यकीयचे नावही घेतलेले दिसत नाही.

फर्मागुडीचा चढ :

विषय अभियांत्रिकीचा नसला तरी चार ओळी लिहितो, कारण हा धागा इतर पालकही वाचत असतील.

फर्मागुडीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ पासूनचे आहे आणि शुल्क, परंपरा व माजी विद्यार्थ्यांचे जाळे या तिन्ही दृष्टींनी गोव्यातील मुलांना ते आजही सर्वांत आधी सुचवावे असे आहे. त्याखेरीज वेर्णा, शिरोडा, फातोर्डा आणि आसगाव येथे खासगी महाविद्यालये आहेत. कुंकळ्ळीला स्थिरावलेल्या एनआयटीबद्दल, म्हणजे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेबद्दल, एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एनआयटींमध्ये निम्म्या जागा गृहराज्याच्या कोट्यात असतात, त्यामुळे जेईई मेनच्या ज्या क्रमांकावर गोव्यातील मुलाला बाहेरच्या एनआयटीत मनाजोगती शाखा मिळत नाही, त्याच क्रमांकावर कुंकळ्ळीला ती मिळू शकते. २०१६ पासून सुरू असलेल्या गोव्यातील आयआयटीत असा राज्याचा कोटा नाही, बिट्स पिलानीच्या झुआरीनगरच्या परिसरासाठी बिटसॅट ही वेगळी परीक्षा आहे आणि तेथील शुल्क सामान्य घराला झेपणारे नाही. आपल्याच मातीत संस्था उभी आहे म्हणून ती आपल्या मुलासाठी आहेच, असे धरून चालू नये.

आपल्या मुलीला रसायन आवडते आणि गणितही आहे, तर रासायनिक अभियांत्रिकीचा विचार झाला होता का? गोव्यात ही शाखा बिट्स सोडल्यास नाही. मुंबईला माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ पासून या विषयासाठी नावाजलेली आहे, परंतु महाराष्ट्राबाहेरील मुलांसाठी तेथील जागा मर्यादित असतात. यंदासाठी हा पर्याय बहुधा गेलाच. अकरावीतील मुलांच्या पालकांनी मात्र लक्षात ठेवावा.

रसायनी :

मी वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करते. माझे शिक्षण बी.एस्सी. आणि नंतर एम.एस्सी., दोन्ही रसायनशास्त्रातच. साखळीकर दादांची शंका रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

खाणी आणि औषधांचे कारखाने यांत मोठा फरक असा की खाण जमिनीला बांधलेली असते, आमचे काम जमिनीला बांधलेले नाही. वेर्णा, कुंडई, पिळर्ण येथील प्रयोगशाळेत औषधातील घटक वेगळे करून मोजणारे जे एचपीएलसी यंत्र चालते, तेच हैदराबादला, अंकलेश्वरला आणि हिमाचलातील बद्दीलाही चालते. कागदपत्रे ठेवण्याच्या पद्धती सारख्या, निरीक्षणाला येणाऱ्या परदेशी नियामकांच्या अपेक्षाही सारख्या. एखादा कारखाना बंद पडला तर गैरसोय होते, पण शिकलेले काम वाया जात नाही. माझ्या विभागातून लोक सतत बाहेर जातात आणि बाहेरून येतात. म्हणून भीती उद्योगाची बाळगू नये. गोव्यातून हलणारच नाही असे ठरवून या क्षेत्रात येणाऱ्याला मात्र बढतीच्या वेळी अडचण होते.

आता बी.फार्म. आणि बी.एस्सी. यांतील फरक. बाहेरून दोघेही ‘औषध कंपनीत’ दिसतात, पण कायद्याच्या नजरेत त्यांचे स्थान वेगळे आहे. औषधाचे दुकान चालवायचे तर १९४८ च्या औषधनिर्माणशास्त्र कायद्याखाली नोंदणी झालेला फार्मासिस्ट लागतो. रसायनशास्त्राच्या पदवीधराला तो अधिकार मिळत नाही, मग त्याने पुढे डॉक्टरेट का मिळवलेली असेना. औषध निरीक्षकाच्या पदासाठी प्रामुख्याने औषधनिर्माणशास्त्राचीच पदवी लागते. याउलट तपासणीच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे पदवीधर अगदी सर्रास असतात, आणि विश्लेषणाच्या कामात चांगला एम.एस्सी. झालेला माणूस बी.फार्म. झालेल्यापेक्षा कित्येकदा सरस ठरतो. उत्पादन, गुणवत्ता हमी, परवान्यांची कागदपत्रे आणि विपणन या बाजूंना बी.फार्म. झालेल्यांना अधिक वाव असतो.

ताईंना, म्हणजे मुलीच्या आईंना, एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. बी.फार्म. नंतर नोकरी मिळते हे खरे आहे, परंतु पहिली नोकरी बहुधा पाळ्यांची असते, पगार सुरुवातीला बेताचा असतो आणि कित्येक ठिकाणी सुरुवातीची नेमणूक कंत्राटी असते. बी.एस्सी. करून लगेच नोकरीला लागणाऱ्यांचेही हेच, किंबहुना थोडे कमीच. तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर थांबलेली माणसे माझ्या आजूबाजूला आहेत आणि नमुने तयार करणे, द्रावणे बनवणे, नोंदी भरणे यातच त्यांची वर्षे गेली आहेत. हुशार असूनही. एम.एस्सी. करणार असाल तरच बी.एस्सी. करा, असे मी माझ्या पुतण्यालाही सांगितले आहे. ‘साधी बी.एस्सी.’ हा नातेवाइकांचा टोमणा अर्धवट ठिकाणी थांबलेल्यांना लागू पडतो, पुढे गेलेल्यांना नाही.

बांबोळी परिसर :

आयुर्वेद आणि दंतवैद्यकाविषयी थोडक्यात. आयुर्वेदाचा अभ्यासक्रम आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा आहे आणि त्यात संस्कृत संहितांचा अभ्यास अनिवार्य आहे. शिरोड्याचे गोमंतक आयुर्वेद महाविद्यालय जुने आहे. पेडण्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे संकुल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून या विषयाकडे मुलांचा ओढा वाढलेला दिसतो. ज्यांना या शास्त्राविषयी खरी आस्था आहे त्यांनी अवश्य जावे. एमबीबीएस हुकले म्हणून गेलेली मुले मात्र दुसऱ्या वर्षी हिरमुसलेली दिसतात, आणि ते रुग्णांनाही जाणवते.

दंतवैद्यकाला पदवीनंतर स्वतःचा दवाखाना थाटण्यास भांडवल लागते, आणि गोव्यातील शहरांत दंतवैद्यांची संख्या आधीच बरीच आहे. घरचे उत्पन्न बेताचे असल्यास हे गणित आधी करावे.

ज्याकडे कोणी वळत नाही ते परिचर्या आणि सहाय्यक आरोग्यसेवांचे अभ्यासक्रम. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची आहे आणि तिला देशात व परदेशात असलेली मागणी सर्वांना माहीत आहे. क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह, डोळे तपासणी, भौतिकोपचार अशा कामांसाठी २०२१ च्या केंद्रीय कायद्याने स्वतंत्र आयोग नेमला गेला, त्यामुळे या पदव्यांना पूर्वी नसलेली एकसारखी ओळख मिळू लागली आहे. रुग्णालयात काम करण्याची ओढ असेल तर एमबीबीएस हा त्याचा एकमेव मार्ग नाही.

भूस्तर :

मी समुद्रविज्ञानाच्या संशोधनात आहे, त्यामुळे बी.एस्सी.च्या बाजूने लिहिणे मला भाग आहे. तरी शक्य तितके तटस्थपणे लिहितो.

मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यासाठी गोव्याइतकी सोयीची जागा एवढ्या लहान राज्यात क्वचितच सापडेल, आणि गोव्यातील पालकांनाच त्याची जाणीव सर्वांत कमी असते. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली. वास्कोच्या हेडलँड सडा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून भारताच्या अंटार्क्टिका मोहिमांची आखणी होते. मैत्री आणि भारती या तेथील ठाण्यांचा कारभार इथूनच चालतो. जुन्या गोव्याजवळ एला येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आहे. या सर्व ठिकाणी रसायनशास्त्र जाणणारी माणसे लागतात. समुद्राच्या पाण्यातील पोषकद्रव्ये, गाळातील धातू, बर्फात अडकलेली हवा, हे सगळे शेवटी रसायनच आहे.

परंतु मार्ग लांब आहे आणि तो आधी नीट समजून घ्यावा. गोवा विद्यापीठाने २०२३-२४ पासून पदवीला नवे शैक्षणिक धोरण लागू केले, त्यामुळे विद्यार्थी तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडू शकतो किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी घेऊ शकतो. चौथे वर्ष केलेल्यांसाठी एक वर्षाच्या एम.एस्सी.ची तरतूद धोरणात आहे. त्यानंतर नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. म्हणजे पीएच.डी.च्या काळात मुलगी घरावर भार राहत नाही, उलट कमावती असते. यात कळीचा शब्द ‘मिळाली तर’ हा आहे. ज्यांना ती मिळत नाही ते एका प्रकल्पातून दुसऱ्या प्रकल्पात कंत्राटी सहाय्यक म्हणून काम करत राहतात, आणि कायमस्वरूपी वैज्ञानिकाच्या जागा वर्षानुवर्षे निघत नाहीत. मुलीला हे आजच सांगा.

एका गोष्टीची चौकशी मात्र तातडीने करावी. बारावीच्या मंडळात जे विद्यार्थी वरच्या एक टक्क्यात येतात आणि मूलभूत विज्ञानाच्या पदवीला प्रवेश घेतात, त्यांना केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळू शकते, वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत. बी.फार्म., अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शाखेला ती लागू नाही. आपल्या मुलीचे गुण त्या मर्यादेत बसत असतील तर बी.एस्सी.चा खर्च हा प्रश्नच उरत नाही. पुण्याच्या आयसरसारख्या (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) संस्थांचा पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रमही याच जातीचा आहे, पण त्यासाठी आयसरची स्वतःची अभिरुची चाचणी द्यावी लागते. तिने ती दिली नसावी असे दिसते.

खाणपट्ट्यातून आपण लिहीत आहात म्हणून सांगतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा केवळ भूशास्त्रवाल्यांसाठी नसते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रसायनतज्ज्ञांची पदेही तिच्यातूनच भरली जातात आणि भूजल मंडळातही रसायनशास्त्राच्या वैज्ञानिकांना जागा असते. एम.एस्सी. झालेल्या मुलांना या परीक्षेची माहितीच नसते, ही आपल्याकडची मोठी उणीव आहे.

काणकोणची आई :

सर्वांनी महत्त्वाचे लिहिले आहे, पण प्रवासाचा विचार कोणी मांडला नाही. माझी मुलगी रोज काणकोणहून मडगावला ये-जा करत असे, आणि विज्ञान शाखेत दुपारच्या प्रात्यक्षिकांमुळे परतीची बस सुटणे हे नित्याचे झाले होते. साखळीहून म्हापसा जवळ आहे आणि तेथील सेंट झेवियर महाविद्यालयात रसायनशास्त्र आहे. मिरामारचे धेंपे किंवा मडगावचे चौगुले महाविद्यालय चांगलेच आहे, पण तिथे पाठवायचे तर राहण्याची सोय आधी पाहावी. दिवसाचे तीन-चार तास बसमध्ये गेले तर नीट काय आणि नेट काय, कशालाच वेळ उरत नाही.

साखळीकर :

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले त्याबद्दल आभारी आहे. सारी उत्तरे मुलीने वाचली. तिने स्वतः उत्तर लिहिले आहे, ते जसेच्या तसे खाली देतो.

‘आदरणीय सर आणि ताई, माझे नीटचे गुण तिन्ही विषयांत थोडे थोडे कमी पडले आहेत, त्यामुळे खडूफळा सरांनी लिहिलेल्या दुसऱ्या गटात मी मोडते. मला डॉक्टर व्हायचे नाही हे मी अकरावीतच म्हटले होते, परंतु तेव्हा ते कोणी मनावर घेतले नाही. मला प्रयोगशाळेत काम करायला आवडते. बारावीच्या प्रात्यक्षिकांत क्षारांचे विश्लेषण करताना मला वेळेचे भान राहत नसे. गोव्याबाहेर जाण्यास मी तयार आहे, मात्र पदवी झाल्यावर. आताच जावे असे वाटत नाही. माझा प्रश्न असा आहे. बी.फार्म. केल्यानंतर मला रसायनशास्त्राकडे वळता येईल का? आणि बी.एस्सी. केल्यानंतर औषधांच्या संशोधनात जाता येईल का? जो मार्ग निवडल्यावर दुसरा पूर्णपणे बंद होत नाही, तो घ्यावा असे मला वाटते.’

रसायनी :

बाळ, प्रश्न अगदी मुद्द्याचा विचारलास, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

बी.फार्म. नंतर रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळणे कठीण असते, कारण बहुतेक विद्यापीठे त्या विषयातील बी.एस्सी. मागतात. बी.फार्म. झालेल्याला जीपॅट ही औषधनिर्माणशास्त्राची राष्ट्रीय परीक्षा देऊन एम.फार्म. करता येते, आणि त्यातली औषधी रसायनशास्त्राची शाखा तुझ्या आवडीच्या बरीच जवळ आहे. परंतु त्याआधीच्या चार वर्षांत शरीरशास्त्र, औषधक्रियाशास्त्र, औषधांचे स्वरूप बनवण्याचे तंत्र, कायदे असे अनेक विषय शिकावे लागतात. निखळ रसायन त्यात एका वाट्यापुरतेच असते.

उलट दिशेने पाहिले तर बी.एस्सी. झालेल्याला एम.फार्म. करता येत नाही, आणि फार्मासिस्टची नोंदणीही मिळत नाही. ते दार खरोखरच बंद होते. पण औषधांच्या संशोधनाचे दार बंद होत नाही. नवे रेणू बनवणाऱ्या प्रयोगशाळांत सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. किंवा पीएच.डी. झालेल्यांचीच संख्या मोठी असते, आणि मोहालीच्या नायपरसारख्या औषधशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेत औषधी रसायनशास्त्राला सेंद्रिय रसायनातील एम.एस्सी. झालेल्यांनाही प्रवेशाची सोय आहे. म्हणून तुझ्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे की संशोधन हवे असेल तर बी.एस्सी. तुला अडवत नाही. चार वर्षांनी नोकरी, दुकानाचा परवाना किंवा निरीक्षकाचे पद हवे असेल तर अडवते. तुझ्या लिहिण्यात यांपैकी कशाचाही उल्लेख नाही.

फर्मागुडीचा चढ :

रसायनी ताईंशी मी पूर्णपणे सहमत नाही. अठराव्या वर्षी प्रयोगशाळा आवडणे आणि पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकत राहण्याची घराची ऐपत असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. साखळीकरांनी चार-पाच वर्षांचा खर्च पेलता येईल असे लिहिले आहे. बी.फार्म. त्या मुदतीत बसते, बी.एस्सी. आणि एम.एस्सी. मिळूनही पाच वर्षे होतात, पण त्यानंतरचा नेट आणि पीएच.डी.चा भाग अनिश्चित आहे. नेट नाही निघाली तर काय, याचे उत्तर आज तयार हवे.

खडूफळा :

आपला आक्षेप योग्य आहे, म्हणून त्याचेच उत्तर देतो. नेटशिवायही एम.एस्सी. झालेल्याला गोव्यात काम असते. बी.एड. केल्यास उच्च माध्यमिक विद्यालयात शिकवता येते, आणि विज्ञान विषयांचे शिक्षक मिळवताना ग्रामीण भागातील विद्यालयांची आजही दमछाक होते. महाविद्यालयात शिकवायचे असल्यास नेटखेरीज सेट ही राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ती महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांसाठी घेते. राज्य सरकारच्या पदांसाठी कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा आहेत. त्या पदांना कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट मानले जाते, म्हणजे भाषेच्या बाजूने आपल्या मुलांना अडचण नाही. आणि रसायनी ताईंचा वेर्ण्याचा मार्ग एम.एस्सी.नंतर खुलाच राहतो. तेव्हा पीएच.डी. झाली नाही तर मुलगी उघड्यावर पडेल असे चित्र रंगवण्याचे कारण नाही.

पैशांबाबत, गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. तिच्या अटी आणि यादीतील अभ्यासक्रम त्या त्या वर्षी पाहावे लागतात, पण बँकेकडे जाण्याआधी तिथे जाऊन यावे.

माझे मत विचाराल तर दोन्हीकडे अर्ज करावेत. बी.फार्म.च्या फेरीत पणजीचे सरकारी महाविद्यालय मिळाले तर घरात पुन्हा बसून बोलावे, कारण १९६३ पासूनच्या त्या संस्थेत कमी शुल्कात मिळणारी जागा सहजासहजी सोडू नये. ते न मिळता खासगी जागा मिळत असेल तर बी.एस्सी. घ्यावी. थांबून पुन्हा नीट देण्याचा विषय मुलीच्या उत्तराने संपला आहे, आणि तो मामांना सांगण्याचे काम आपण करावे, तिच्यावर सोपवू नये.

साखळीकर :

मामांशी काल बोलणे झाले. ते नाराज आहेत, पण ऐकून घेतले. मुलीने मंडळाच्या गुणांवरून इन्स्पायरची मर्यादा पाहण्यास सुरुवात केली आहे. म्हापशाच्या महाविद्यालयाचा अर्ज भरला आणि औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशफेरीसाठी पणजीला पहिली पसंती दिली आहे. पणजी मिळाली तरी ती बी.एस्सी.चाच आग्रह धरील असे तिच्या आईला वाटते, आणि मलाही आता तसे झाले तर वावगे वाटणार नाही. दोन्हीकडे प्रवेशाची वेळ एकाच आठवड्यात आली तर मूळ कागदपत्रांचे काय करावे, एवढे कोणी सांगावे.

काणकोणची आई :

आम्ही यातून गेलो आहोत. पहिल्या ठिकाणी प्रवेश घेताना मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला जमा होतो, आणि दुसऱ्या ठिकाणी जाण्यासाठी प्रवेश रद्द करून ती कागदपत्रे परत मिळवण्यात काही दिवस जातात. त्यामुळे प्रवेश रद्द करण्याची शेवटची तारीख आणि शुल्क परताव्याचा नियम पैसे भरण्याआधीच लेखी विचारून घ्यावा. सर्व कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती चार-पाच संच करून ठेवाव्यात. रहिवासी दाखला मामलेदार कार्यालयातून आधीच काढून ठेवावा. जून महिन्यात तिथे फार गर्दी असते. इन्स्पायरसाठी मंडळाकडून पात्रतेचे पत्र लागते, ते मिळण्यासाठी पर्वरीला स्वतः जाऊन चौकशी केलेली बरी.